डाव्या गुडघ्यावरची भांग

रविवार, १२ जानेवारी. रोहा.

हफ्साने गेल्या वर्षी दिलेली ही दैनंदिनी मी आजवर कोरी ठेवली होती. नोंदवण्यासारखे काही घडत नाही, असे माझे मत होते. आज घडले आहे. माझ्या घरात भांग आली आहे.

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. माझी पत्नी मरहूम हुस्नबानो सप्टेंबरात गेली. तेव्हापासून मला झोप लागत नाही. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. मी वेळेवर अंथरुणावर पडतो, नियमाने डोळे मिटतो आणि उजाडेपर्यंत पंख्याचा आवाज ऐकतो. शिवाय गुडघे दुखतात. आज माझी कन्या हफ्सा पेणहून आली. चहाचा कप हातात घेऊन ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"अब्बा, तुम्ही आरशात बघता का कधी?"

"दाढी करताना बघतो."

"काय दिसतं?"

"दाढी."

यावर तिने कप खाली ठेवला. तिचा पती सलमान रजेवर आला आहे. फेब्रुवारीअखेर तो मस्कतला कामावर परत जाईल. तोपर्यंत मी माणसासारखा झोपू लागलो नाही, तर रोह्याचे हे घर बंद करून मला पेणला नेण्यात येईल, असे तिने जाहीर केले. खोली रिकामी आहे, तिच्या सासूबाईंची हरकत नाही, आणि माझे काहीही ऐकून घेतले जाणार नाही.

हे घर सोडण्याची माझी इच्छा नाही. कारण व्यवहारी आहे. हुस्नबानोने चाळीस वर्षांत एकही वस्तू तिच्या योग्य बरणीत ठेवली नाही. कॉफीच्या बरणीत बटणे आहेत, तुपाच्या बरणीत मेणबत्त्या, आणि 'साखर' असे लिहिलेल्या डब्यात विजेची बिले. मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी.; धाटावच्या कंपनीत गुणवत्ता नियंत्रण अधिकारी होतो. हा सारा गोंधळ मी एका दिवसात मार्गी लावू शकतो. अद्याप लावलेला नाही. तो लावल्याशिवाय घर बंद करणे योग्य होणार नाही.

जाताना हफ्साने पिशवीतून एक ट्यूब काढून दिली. गुडघ्यांना लावायचे मलम. ती गेल्यावर मी चष्मा लावून वेष्टन वाचले. 'विजया पत्र अर्क.' शब्दकोश काढला. विजया म्हणजे भांग.

ट्यूबवर पानाचे रंगीत चित्रही आहे. लपवण्याचा कोणताही प्रयत्न नाही.

मंगळवार, १४ जानेवारी.

ट्यूब कोठे ठेवावी हा प्रश्न आहे. आज ती मी वर्तमानपत्राखाली ठेवली, आणि शेजारचे जगन आले ते नेमके वर्तमानपत्र उचलूनच बसले.

जगन माझ्याच कंपनीत ऑपरेटर होते. तिन्ही शिफ्टमध्ये हयात गेल्यामुळे ते कोठेही, कोणत्याही वेळी, कोणत्याही स्थितीत झोपू शकतात. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या रांगेत ते उभ्याने झोपले आणि रांगेबरोबर पुढेही सरकत राहिले, हे मी स्वतः पाहिले आहे.

"शरीफभाय, ह्यो पान मी वलखतो," ते म्हणाले.

"ते औषध आहे."

"व्हय व्हय. आमचे गावान पण सगले औषध म्हणूनच घेत व्हते."

त्यांनी माझी परवानगी न विचारता थोडे मलम कोपराला चोळले आणि खुर्चीतच झोपी गेले. मी घाबरून नाडी पाहिली. नाडी उत्तम होती. मात्र ते मलम न लावताही रोज याच वेळी, याच खुर्चीत झोपतात. त्यामुळे हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही.

बुधवार, १५ जानेवारी.

औषधांच्या दुकानात गेलो. दुकान मृणालीबाई चालवतात. फार्मसी शिकलेल्या आहेत. इतर गिऱ्हाइके जाईपर्यंत मी खोकल्याच्या गोळ्यांच्या पाट्या वाचत थांबलो. मग आवाज खाली आणून विचारले, "विशिष्ट वनस्पतीच्या मलमाने गुंगी येते का?"

"कुठल्या वनस्पतीच्या?"

"विशिष्ट."

"काका, भांगेचं का?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की रस्त्यावरचा केळीवाला वळला. "नाही हो येत. मलम कातडीपुरतं काम करतं. रक्तात इतकं जातच नाही की झोप यावी. तोंडाने घ्यायचे थेंब असतात, ते वेगळे. हे बिनधास्त लावा."

"बिनधास्त हा शास्त्रीय शब्द नव्हे," मी म्हणालो.

"मग नियमितपणे लावा," त्या म्हणाल्या.

मी आभार मानून निघालो. त्यांच्या पदवीचा मी आदर करतो. परंतु पुरवठादाराचे म्हणणे ऐकून माल पास करणे हे माझ्या प्रशिक्षणात बसत नाही. चाचणी घ्यावी लागेल.

एक धार्मिक शंकाही आहे. नशा मी आयुष्यात केलेली नाही. परंतु नशा केवळ गुडघ्याने केली, तर त्याची जबाबदारी संपूर्ण माणसावर येते काय? मौलानांना विचारायचे मनात आले. मात्र त्यांना कमी ऐकू येते; विचारायचे तर तो शब्द मोठ्याने उच्चारावा लागेल.

शुक्रवार, १७ जानेवारी.

प्रयोग पहिला. केवळ डाव्या गुडघ्यास मलम लावले. उजवा गुडघा तुलनेसाठी कोरा ठेवला. गुंगी येणार असेल तर ती प्रथम डावीकडे जाणवावी, असे गृहीत धरले होते.

निरीक्षण: डावा गुडघा कमी दुखतो. दोन्ही गुडघे रात्रभर जागे.

रविवार, १९ जानेवारी.

अजूनही तसेच. पण प्रयोगातील दोष आज ध्यानात आला. मलम लावले की मी अंथरुणात पडून गुंगीची वाट पाहतो. वाट पाहणारा माणूस झोपणार कसा? म्हणजे आपण काय लावले आहे हे मला ठाऊक असता कामा नये.

याच सुमारास खालिदचा मस्कतहून फोन आला. माझ्या या चिरंजीवाच्या टाचा तिथल्या कोरड्या हवेत दर हिवाळ्यात फुटतात. हुस्नबानो त्याच्यासाठी कोकमाच्या बियांचे तेल, मेण आणि कापूर एकत्र कढवून मलम करीत असे. पेण-रोह्यातून आखातात जो कोणी निघेल, त्याच्या सामानात ते जात असे. निघणाऱ्या माणसाने साऱ्यांच्या घरचे काही ना काही न्यायचे, हा आमच्याकडचा रिवाजच आहे.

"अब्बा, अम्मीचं मलम उरलंय का घरात?" त्याने विचारले.

"एक बरणी आहे."

"सलमानभाईंकडे द्याल?" मग तोच म्हणाला, "म्हणजे, तुम्हाला नको असेल तर."

"माझ्या टाचा उत्तम आहेत," मी म्हणालो.

सोमवार, २० जानेवारी.

प्रयोग दुसरा. हुस्नबानोच्या संग्रहातून एकसारख्या दोन बरण्या घेतल्या. एकीत भांगेचे मलम भरायचे, दुसरीत तुलनेसाठी तिचे कोकमाचे. रंग जवळपास सारखाच. कोविडनंतर मला वास येत नाही, त्यामुळे या चाचणीसाठी माझ्याइतका निःपक्षपाती माणूस रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. खालिदच्या वाट्याचे फार खर्ची पडू नये म्हणून बोटाच्या टोकाएवढेच वापरायचे ठरवले.

कोणत्या बरणीत काय हे फक्त जगनना ठाऊक असेल. त्यांनी मलमे भरायची आणि 'अ' व 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या. मी अंगणात पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ आतून काही आवाज येईना. शेवटी आत गेलो. बरण्या भरलेल्या होत्या, चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या, आणि जगन त्यांच्या शेजारी टेबलावर डोके ठेवून झोपले होते.

"जगनराव!"

"झोपलो नाय. डोले मिटून ध्यानान ठेवत व्हतो."

सोमवार, २७ जानेवारी.

'ब' बरणीचा आठवडा संपला. झोप नाही. पंख्याचा एक बेअरिंग खराब झाला असल्याचे मात्र निश्चित सांगू शकतो. आजपासून 'अ'.

मंगळवार, २८ जानेवारी.

आज जे घडले ते नोंदवताना संकोच वाटतो.

काल 'अ' बरणीतील मलम डाव्या गुडघ्यास लावून पडलो. त्यानंतरचे मला आठवते ते असे की, डोळे उघडले तेव्हा खोलीत ऊन होते आणि खिडकीच्या गजांमागे पाच चेहरे होते. मधला चेहरा जगन यांचा होता.

"हाय! जिवंत हाय!" ते ओरडले. "हफ्साला सांगा, जिवंत हाय!"

दूधवाल्याने कडी वाजवली, मी उठलो नाही; गॅसवाल्याने वाजवली, तरीही उठलो नाही; मग जगननी आळी गोळा केली. हफ्सा फोनवर होती. तिला मी सांगितले की मी केवळ निद्रिस्त होतो. मग ती म्हणाली, "झोपला होतात? खरंच झोपला होतात?" आणि हसली की काय केले, ते खिडकीतल्या गोंगाटात नीट कळले नाही.

स्वप्नही पडले. कोणीतरी मला "साहेब, दिवा मालवा, प्रयोगशाळा बंद झाली" असे म्हणाले. मी रात्री वाचत बसलो की हुस्नबानो हेच म्हणत असे. स्वप्नात मी दिवा मालवला. एरवी मी वाद घालीत असे.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

'अ'चा आठवडा पूर्ण. रोज झोप लागली. काल तर दुपारीही, हातात चमचा असताना. भूक लागते. जगन म्हणतात, माझ्या चेहऱ्यावर 'पालिश' आले आहे.

मला याचा आनंद झालेला नाही, कारण निष्कर्ष उघड दिसतो आहे. आज जगनना अधिकृतपणे विचारले, "भांगेचे मलम कोणत्या बरणीत आहे?"

त्यांनी डोके खाजवले. "झोप कंच्या बरणीनं लागली?"

"'अ'ने."

"मंग 'अ'."

"आपणांस खात्री आहे?"

"आता शरीफभाय, भांगेनं नाय तर काय भाबीचे टाचांचे मलमानं झोप लागंल?"

तर्क बिनतोड होता. म्हणजे मी आठवडाभर झोपलो नव्हतो. मी नशेत होतो. मृणालीबाईंचे म्हणणे चुकीचे ठरले आणि हफ्साने घातलेली अटही मी पूर्ण केलेली नाही. नशेची झोप मी झोप म्हणून नोंदवू शकत नाही. 'अ' बरणीचा वापर आजपासून बंद.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

मी पुन्हा रात्रभर जागाच. हफ्साला फोनवर खरे ते सांगितले, की ती झोप औषधाची होती.

"असू दे ना, अब्बा! झोप ती झोप."

"नाही. ते फसवणुकीचे ठरेल."

"कोणाच्या?"

मग मीच म्हणालो की अट ती अट, सलमान गेल्यावर मी पेणला येईन. ती जिंकली होती, पण तिच्या आवाजात तसे काही जाणवले नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी.

सामान बांधण्यास प्रारंभ. माझे कपडे एका पेटीत मावले. बरण्या लावण्यास घेतल्या. बटणे काढून बटणांच्या डब्यात घालायची, एवढेच पहिले काम होते. पण बटणांचा डबा घरात नाहीच. ती कॉफीच्याच बरणीत परत ठेवली.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

सलमान निरोप घ्यायला येऊन गेला. सज्जन मुलगा आहे; मस्कतमध्ये वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. खालिदसाठी रमजानपूर्वी पोचावे म्हणून पापड, सुकट, मसाला आणि 'ब' बरणी दिली. चिठ्ठी काढून त्या जागी सुवाच्य अक्षरात 'खालिद. टाचांसाठी.' असे लिहिले. हुस्नबानो पार्सल बांधताना वर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळत असे. मीही गुंडाळला. गाठ तिच्यासारखी जमली नाही.

"अब्बा, वजन बघा हां," सलमान म्हणाला. "पेणला अख्खी आळी डबे घेऊन आलीय. माझे कपडे मी अंगावर घालून जाणार."

शनिवार, २२ फेब्रुवारी.

हे एस.टी.ने परत आल्यावर लिहीत आहे.

सकाळी मृणालीबाईंसाठी प्रयोगाचा अहवाल तयार केला. त्यांची चूक त्यांना सौजन्याने कळवणे माझे कर्तव्य होते. अहवालाखाली साक्षीदार म्हणून जगन यांची सही हवी होती. त्यांनी पेन हातात घेतले, आणि परत ठेवले.

"सही कशाला? सहीचं काय बोलला नव्हतात."

"'अ' बरणीत भांगेचे मलम भरले, एवढ्यापुरतीच."

"ते मना कुठं म्हायत?"

"आपणच तसे सांगितलेत!"

"मी अंदाज सांगितला. तवा भरता भरता मना झोप लागली व्हती. उठलो तर चिठ्ठ्या लावलेल्या. मीच लावल्या असतील, नाय असं नाय. पन कंची कंच्याला..." ते आकाशाकडे पाहू लागले.

'ब' बरणी सलमानच्या बॅगेत होती. 'ब'मध्ये भांग असेल, तर मस्कतच्या विमानतळावर माझा जावई साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली भांग घेऊन उतरणार होता. त्यावर माझे अक्षर होते. सुवाच्य.

हफ्साला फोन लावला. नात बतूलने उचलला.

"नाना, अम्मी वजन करतेय."

"तिला सांग, खालिदमामाची बरणी आक्षेपार्ह असण्याची शक्यता आहे."

"अम्मीऽऽ, नाना म्हणतात खालिदमामाची बरणी छान आहे!" आणि फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

जगननी स्कूटर काढली. दुसरे वाहन नव्हते. मी 'अ' बरणी तुलनेसाठी खिशात घेतली आणि मागे बसलो. चालकाचा इतिहास मला ठाऊक असल्यामुळे मी अट घातली की त्यांनी संपूर्ण प्रवासात मोठ्याने पाढे म्हणावेत.

"सतराचा म्हणा."

"सतराचा येत नाय."

"मग बाराचा."

नागोठण्यापर्यंत बाराचा पाढा पाच वेळा झाला. महामार्गावर लागल्यावर खड्ड्यांमुळे आकडे गळू लागले. बारा पाचे साठ आणि बारा साते चौऱ्याऐंशी यांच्या मधले बहात्तर एका खड्ड्यात गेले. वडखळच्या अलीकडे जगन एकाएकी ओरडले, "शरीफभाय! ओ! पडाल ना! झोपताय काय?"

"मी डोळे मिटून पत्ता आठवीत होतो," मी म्हणालो.

पेणला पोचलो तेव्हा ओसरीवर बॅग आकड्याच्या काट्याला लटकत होती. सलमान, त्याचे दोन चुलते आणि विहीणबाई काट्याकडे पाहत श्वास रोखून उभे होते. गाडी दारात लागली होती.

"बॅग उघडावी लागेल," मी म्हणालो.

"अब्बा, आत्ता दोरी आवळली!" सलमान म्हणाला. "तिघं बसले होते बॅगेवर, तेव्हा कुठं बंद झालीय."

"तीत एक पदार्थ आहे."

"सुकट ना?" विहीणबाई म्हणाल्या. "सुकटीला वास येणारच, त्यात काय!"

"सुकट नव्हे. ज्याचा उल्लेख चारचौघांत करणे उचित नाही असा पदार्थ."

"हफ्सा, काय गो म्हणतात तुझे वडील?"

मी योग्य शब्द शोधत होतो. विजया म्हणावे, की 'विशिष्ट वनस्पती', याचा विचार चालू होता. तेवढ्यात जगन मागून म्हणाले, "भांग हाय. भांग."

काटा हातातून सुटला. बॅग धाडदिशी खाली आली. विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला, एका चुलत्यांनी दार लावून घेतले, आणि सलमान बॅगेवरच मटकन बसला. मी सर्वांसमोर निवेदन केले: डावा गुडघा, दोन बरण्या, साक्षीदाराची निद्रा. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "नि हे बी.एस्सी."

दोरी सोडली. पापडांखालून, कुणाच्या तरी चटणीखालून, साडीचा तुकडा निघाला. हफ्साने बरणी उघडून नाकाशी नेली.

"हे अम्मीचं नाही."

सलमानने डोळे मिटले आणि तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला. मी खिशातून 'अ' बरणी काढून तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडले आणि बरणी नाकाशी धरून ठेवली. बतूल तिच्या हाताखालून डोकावली आणि हुंगून म्हणाली, "नानीचं मलम."

"अब्बा," हफ्साने विचारले, "झोप लागली ती ह्यानं?"

"नोंदींवरून तसे दिसते. परंतु एकाच व्यक्तीवरील प्रयोगातून, शिवाय मला वास येत नसताना, असा निष्कर्ष काढणे..."

ती ऐकत नव्हती. डोळ्यांत काहीतरी गेले असे तिने सांगितले. कापूर असावा.

"हे तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "खालिदला मी सांगते."

"नाही. हे त्याच्या वाट्याचे आहे. त्याने मागितले आहे."

"तुम्हाला नको?"

मी साडीच्या तुकड्याच्या सुरकुत्या काढू लागलो. तिने बरणीत बोट बुडवले आणि अत्तर लावावे तसे माझ्या दोन्ही मनगटांना चोळले. मग बरणी साडीत गुंडाळून स्वतः गाठ मारली. ती गाठ बरोबर होती.

"रोह्याला सामान बांधलंत?"

"एक पेटी."

"सोडा ती. झोप तुमचीच होती, नशा नव्हती. मे महिन्यात कोकमं निघाली की मी येते. नवीन मलम करू. ढवळायचं काम तुमचं."

बॅग पुन्हा बंद होईना. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे उघडली. बसा आता तुम्ही पण." मी बसलो. जगन, मी आणि दोन्ही चुलते बसल्यावर ती मिटली. सलमान वेळेवर निघाला.

भांगेची बरणी जगननी कोपरासाठी घेतली. तिथेच मलम भरपूर चोळले आणि ते स्कूटरवरून एकटेच परतले. मला हफ्साने एस.टी.त बसवले. वडखळनंतरचे काही आठवत नाही. रोहा स्थानकात वाहकाने खांदा हलवून विचारले, "आजोबा, घर नाय काय तुमाला?"

"आहे," मी म्हणालो. "रोह्यातच आहे."

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

जगन सकाळी आले. त्या बरणीतले मलम लावल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही, अशी त्यांची तक्रार आहे. कोपर मात्र छान आहे. मृणालीबाईंना सुधारित अहवाल दिला. त्यांनी तो वाचला, दुकानातल्या सूचनाफलकावर लावू का असे विचारले. मी नकार दिला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

खालिदचा फोन आला, तोही भर दुपारी.

"अब्बा, अम्मीच्या मलमात काय असतं?"

"का?"

"काल टाचांना लावून पडलो. कंपनीची बस आली, गेली. सुपरवायझर दार वाजवून वाजवून थकला. मला पत्ता नाही. असा तर मी लहानपणी झोपायचो. खरं सांगा, काय घालायची ती?"

"कोकमाचे तेल, मेण आणि कापूर."

"एवढंच?"

"रसायनशास्त्राच्या दृष्टीने एवढेच," मी म्हणालो.

मग तो म्हणाला की त्याला कामावर जायचे आहे, आणि मी म्हणालो की मलाही.

मनगटावरचे मलम केव्हाच धुऊन गेले असणार. आज तेथे हुंगून पाहिले. अर्थातच कसलाही वास आला नाही. पुन्हा पाहिले.

एवढे लिहून डोळे जड झाले आहेत. औषध घेतलेले नाही, याची नोंद व्हावी. दिवा मालवतो. प्रयोगशाळा बंद.